दूरदृश्य संवाद आणि वनप्रदेशातील प्राथमिक शाळा

'व्हीसी' हा शब्द आपल्या दोन्ही जिल्ह्यांतील शिक्षकांस आता नवा राहिलेला नाही. जिल्ह्याच्या ठिकाणाहून बैठक असली की गटशिक्षणाधिकारी पंचायत समितीच्या सभागृहात पडद्यासमोर बसतात, केंद्रप्रमुख तीच बैठक आपल्या मोबाइलवर ऐकतात. आणि २०२० च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्यावर तर पहिली-दुसरीच्या मुलांच्या पालकांनाही या प्रकाराची ओळख झाली. तथापि ओळख होणे निराळे व जाण असणे निराळे. ज्या साधनाने आपण आजवर सूचना ऐकल्या, त्याच साधनाने वर्गात शिकवावयाचे झाल्यास त्याचे अंतरंग थोडेबहुत समजून घेतले पाहिजे. प्रस्तुत लेखाचा हेतू एवढाच आहे.

दूरदृश्य प्रणाली हे या साधनाचे शासकीय मराठी नाव होय. नाव चांगले आहे, पण अर्धे आहे. दूरचे दृश्य तर दूरचित्रवाणीनेही दाखविले. या प्रणालीचे खरे वैशिष्ट्य दृश्यात नसून उलट दिशेने जाणाऱ्या आवाजात आहे. नागपूरचे गुरुजी कोरचीच्या मुलास दिसतात, ही गोष्ट दुय्यम. कोरचीचा मुलगा त्या गुरुजींस दिसतो, आणि 'कळले नाही, पुन्हा सांगा' असे त्यांस मध्येच म्हणू शकतो, ही गोष्ट मुख्य. ज्या सत्रात मूल एकदाही बोलले नाही ते सत्र यंत्रांच्या दृष्टीने कितीही निर्दोष असो, शिक्षणाच्या दृष्टीने ते दूरचित्रवाणीचेच एक खर्चिक रूप झाले असे समजावे. पुढे जे विवेचन केले आहे ते याच कसोटीवर केले आहे.

आपल्या देशात या विषयाचा पूर्वेतिहास बोधप्रद आहे. १ ऑगस्ट १९७५ पासून एक वर्षभर अमेरिकेच्या एटीएस-६ या उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणीचे कार्यक्रम पोहोचविण्यात आले. 'साइट' या संक्षिप्त नावाने तो प्रयोग प्रसिद्ध आहे. महाराष्ट्र त्या सहा राज्यांत नव्हता. आपले शेजारी मध्य प्रदेश, आंध्र प्रदेश व कर्नाटक होते. सकाळी मुलांसाठी व सायंकाळी प्रौढांसाठी कार्यक्रम असत. जगात त्या काळी एवढ्या विस्ताराचा असा प्रयोग दुसरा झालेला नव्हता. परंतु त्यात परतीची वाट नव्हती. खेड्यातील मुलाने पडद्याकडे पाहून प्रश्न विचारला तरी तो त्या खोलीतच विरून जाई.

पुढे २० सप्टेंबर २००४ रोजी केवळ शिक्षणासाठी म्हणून 'एज्युसॅट' हा उपग्रह श्रीहरिकोट्याहून सोडण्यात आला. या वेळी काही केंद्रांना प्रश्न परत पाठविण्याचीही सोय होती. ही मोठीच प्रगती. मात्र तिच्यात निसर्गाचीच एक अडचण होती, ती समजून घेण्यासारखी आहे. असा उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारे ३५,८०० किलोमीटर उंचीवर असतो. शिक्षकाचा शब्द तेवढा वर चढावयाचा व तेवढाच खाली उतरावयाचा, म्हणजे ७१,६०० किलोमीटरांचा प्रवास झाला. रेडिओलहरी सेकंदास ३ लाख किलोमीटर धावतात. तरीही या प्रवासास जवळजवळ पाव सेकंद लागतो. मुलाचे उत्तर परत येण्यास आणखी पाव सेकंद. म्हणजे प्रश्न व उत्तर यांच्यामध्ये निदान अर्ध्या सेकंदाची पोकळी राहते.

अर्धा सेकंद म्हणजे काय मोठे, असे कोणी म्हणेल. व्याख्यानात तो जाणवतही नाही. संभाषणात मात्र तो फार जाणवतो. मूल बोलते, पलीकडून प्रतिसाद येत नाही. ऐकू गेले नसावे असे वाटून ते पुन्हा बोलू लागते. तोच पलीकडचे गुरुजीही बोलू लागतात. दोघे एकमेकांवर आदळून गप्प बसतात. शहरातील धीट मूल हसून पुन्हा आरंभ करील. आपल्या भागातील बुजरे मूल, ज्याने एका वाक्याची जुळवाजुळव करण्यास पाच मिनिटे घेतली होती, ते दुसऱ्यांदा तोंड उघडत नाही. म्हणून आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने संभाषणासाठी एका दिशेचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या, म्हणजे सेकंदाच्या सुमारे सातव्या हिश्श्याच्या आत असावा असे जे सुचविले आहे, ते केवळ यंत्रज्ञांच्या सोयीचे मानू नये. तो आकडा बालमानसशास्त्राचाही आहे.

जमिनीखालून जाणाऱ्या काचेच्या तंतूने, म्हणजे ऑप्टिकल फायबरने, ही अडचण मोठ्या अंशी दूर केली. केसासारख्या बारीक तंतूतून प्रकाशाची लुकलुक धाडावयाची आणि त्या लुकलुकीत शब्द व चित्रे भरावयाची, असे त्याचे स्थूल स्वरूप आहे. काचेत प्रकाशाचा वेग कमी होऊन सेकंदास सुमारे २ लाख किलोमीटर राहतो. गडचिरोलीहून मुंबई सुमारे १,००० किलोमीटर. हिशोब चौथीच्या मुलासही करता येईल: सेकंदाचा दोनशेवा भाग. तंतू वळणावळणाने जाऊन अंतर दुप्पट झाले असे धरले तरी शंभरावा भाग. उपग्रहाच्या पाव सेकंदाशी याची तुलना केली म्हणजे काचेच्या या तंतूस शिक्षणक्षेत्रात एवढे महत्त्व का आले ते ध्यानात येते.

येथे एक शंका रास्त आहे. तंतू तर सर्वत्र पसरले आहेत, मोबाइलचे मनोरेही त्यांनाच जोडलेले असतात. मग आपली व्हीसी मध्येच का गोठते, आवाज का तुटतो? याचे उत्तर अंतरात नसून गर्दीत आहे. आपण बोललेला शब्द या जाळ्यातून अखंड जात नाही. त्याचे लहान लहान तुकडे होतात, प्रत्येक तुकड्यावर पत्ता व क्रमांक पडतो, आणि ते तुकडे पोस्टकार्डांप्रमाणे सुटे सुटे निघतात. पलीकडे ते क्रमाने लावून पुन्हा आवाज व चित्र तयार होते. वाटेत गर्दी असेल तर काही कार्डे उशिरा पोहोचतात, काही हरवतात. चित्रपट पाहावयाचा असेल तर यंत्र थोडा वेळ थांबून कार्डांचा साठा करून घेते. आपणास कळतही नाही. संभाषणात असे थांबता येत नाही. उशिरा आलेले कार्ड तेथे हरवल्यासारखेच. एटापल्लीहून आलापल्लीकडे येणारी एस.टी. सुरजागडच्या लोहखनिजाच्या ट्रकांमागे अडकली तर गाडीत दोष नसतो, चालकातही नसतो. रस्ता सामाईक असतो.

संशोधन व शिक्षण यांच्यासाठी निराळी जाळी जगभर उभारली गेली ती या कारणाने. अमेरिकेत १९९६ मध्ये ३४ विद्यापीठांनी एकत्र येऊन 'इंटरनेट-२' हा उपक्रम आरंभिला. युरोपात 'जेआँ' नावाचे जाळे आहे. या जाळ्यांचे मर्म त्यांच्या वेगात आहे असा सर्वसाधारण समज आहे, परंतु तो पुरा खरा नाही. त्यांचे मर्म असे की ती जाणूनबुजून मोकळी ठेवलेली असतात. व्यापारी तत्त्वावर चालणारा रस्ता भरगच्च चालला तरच परवडतो. विद्येचा रस्ता अर्धा रिकामा राहावा असा येथे नियोजकांचा प्रयत्न असतो, कारण केव्हा कोणत्या प्रयोगशाळेस डोंगराएवढी सामग्री धाडावी लागेल याचा नेम नसतो. त्या मोकळेपणाचा लाभ संभाषणास आपोआप मिळतो. कार्डे वेळेवर व सारख्या अंतराने पोहोचतात.

आपल्या देशातील या कार्याशी महाराष्ट्राचा संबंध आरंभापासून आहे. केंद्र शासनाच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने 'अर्नेट' हे शिक्षण व संशोधनाचे जाळे हाती घेतले. पाच आय.आय.टी. व बंगळूरची विज्ञान संस्था यांच्याबरोबर मुंबईचे राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र त्यात होते, आणि याच केंद्रातून १९८९ मध्ये अमेरिकेशी पहिली कायम जोडणी झाली. तिची क्षमता सेकंदास ९,६०० बिट होती. बिट म्हणजे 'हो' किंवा 'नाही' एवढाच निरोप. आज आपण मोबाइलवर जे साधारण चित्र पाहतो त्यास सेकंदास सुमारे १० लाख बिट लागतात. म्हणजे साऱ्या देशाच्या विद्वानांनी मिळून वापरलेली ती वाट आजच्या एका शाळेच्या चित्रास शंभराव्या हिश्श्यानेच पुरली असती. पुढे मार्च २०१० मध्ये केंद्र शासनाने 'नॅशनल नॉलेज नेटवर्क', म्हणजे राष्ट्रीय ज्ञानजाळे, या योजनेस मान्यता दिली. दहा वर्षांसाठी ५,९९० कोटी रुपयांची तरतूद ठरली व काम राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राकडे सोपविण्यात आले. विद्यापीठे, आय.आय.टी., संशोधनसंस्था त्यास जोडल्या गेल्या. आपल्या विदर्भापुरते पाहावयाचे तर नागपूरची विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था व पर्यावरण अभियांत्रिकीची 'नीरी' ही संस्था यांची नावे घेता येतील. मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था जिनीव्हाजवळच्या 'सर्न' प्रयोगशाळेतील कणांच्या टकरींची माहिती घेऊन तिचे विश्लेषण करते, तेही अशाच जाळ्यांच्या आधारे.

कणांच्या टकरी आणि आपली द्विशिक्षकी शाळा यांचा संबंध काय, असे विचारले जाईल. संबंध चित्राच्या हिशोबाने दाखविता येतो, व तो प्रत्येक शिक्षकाने एकदा पाटीवर करून पाहावा. साध्या पडद्यावर आडवे ६४० व उभे ४८० ठिपके धरा. गुणाकार ३,०७,२०० ठिपके झाला. प्रत्येक ठिपक्याचा रंग सांगण्यास २४ बिट. आणि चित्र हलते दिसावे म्हणून सेकंदास २५ चित्रे. एकूण सुमारे १८ कोटी ४३ लाख बिट दर सेकंदास! एवढा भार कोणतेही खेडे पेलणार नाही. म्हणून यंत्र काटकसर करते. ते प्रत्येक वेळी सारे चित्र धाडीत नाही. मागच्या चित्राहून जेवढे बदलले तेवढेच धाडते. गुरुजी फळ्यापुढे उभे आहेत, फळा तोच, भिंत तीच, फक्त हात हलला. मग हाताचाच निरोप जातो. यामुळे १८ कोटींचे काम १० लाखांत भागते.

या काटकसरीतून एक अगदी व्यवहारी धडा निघतो. मुलांना शाळेपुढील झाडाखाली बसवून सत्र घेण्याची हौस आपल्याकडे पुष्कळांस असते. छायाचित्रास ते शोभून दिसते. परंतु मागे सळसळणारे प्रत्येक पान यंत्रास बदल म्हणून नोंदवावे लागते. मग चेहऱ्यांच्या वाट्याचे बिट पाने खाऊन टाकतात आणि मुलांची तोंडे धुरकट होतात. चुन्याने पांढरी केलेली भिंत पाठीशी घ्यावी. पंखा चित्रात येऊ देऊ नये. खिडकी मुलांच्या मागे नको, समोर हवी.

अनेक शाळा एकत्र जोडल्या असता आणखी एक प्रश्न उद्भवतो. २० शाळांनी प्रत्येकी उरलेल्या १९ शाळांस आपले चित्र धाडावयाचे ठरविल्यास ३८० धारा वाहू लागतील. त्याऐवजी मध्यभागी एक यंत्र असते. प्रत्येक शाळा आपली एकच धारा त्यास देते व त्याच्याकडून एकच घेते. हे मधले यंत्र मोकळ्या जाळ्यावर, एखाद्या विद्यापीठात किंवा मोठ्या संस्थेत असले म्हणजे सर्वांत दुबळ्या दुव्याचा त्रास त्या एका शाळेपुरताच राहतो, साऱ्या सभेस होत नाही. प्राथमिक शाळा राष्ट्रीय ज्ञानजाळ्याच्या सभासद नाहीत; आणि असे असूनही तिला त्याचा उपयोग होण्याचा मार्ग हा आहे. रस्त्याचा लांबचा भाग मोकळा मिळतो, आपल्याला सांभाळावयाचा राहतो तो अखेरचा कोस.

आता अध्यापनाच्या बाजूकडे वळू. मुंबईच्या आय.आय.टी.मधील प्राध्यापक दीपक फाटक यांनी अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या अध्यापकांसाठी जे प्रशिक्षण चालविले त्याचा परिचय आपणास अवश्य असावा. प्रथम एक हजार व पुढे दहा हजार अध्यापकांस एकाच वेळी शिकविण्याचा तो संकल्प होता; दुसऱ्या टप्प्यात खरगपूरची आय.आय.टी.ही सहभागी झाली. अमृता विद्यापीठाने तयार केलेली 'ए-व्ह्यू' ही दूरदृश्य प्रणाली त्यासाठी वापरण्यात आली. देशभरची महाविद्यालये दूरस्थ केंद्रे झाली. मुंबईहून व्याख्यान होई, आणि केंद्राकेंद्रांतून अध्यापक आपले प्रश्न पडद्यावर येऊन विचारीत.

एवढे वर्णन सर्वत्र केले जाते. माझ्या मते त्यातील मोलाची गोष्ट निराळी आहे. प्रत्येक दूरस्थ केंद्रावर एक समन्वयक असे, आणि त्या समन्वयकांचे प्रशिक्षण मुख्य वर्गाच्या आधी निराळे घेतले जाई. व्याख्यान मुंबईचे, पण उदाहरणे सोडवून घेणे, प्रयोगशाळेत हात धरून शिकविणे, अडलेल्यास जवळ बसून समजावणे, हे काम त्या जागेवरच्या समन्वयकाचे. जाळ्याने स्थानिक शिक्षकास दूर सारले नाही, उलट त्याची तयारी आधी करून घेतली. पदवीधर अभियंत्यांनाही जवळ बसणारा माणूस लागतो, तर सहा वर्षांच्या मुलाची गोष्ट काय सांगावी! पडदा आला म्हणजे शिक्षक कमी लागतील असा हिशोब कोणी मांडू लागल्यास त्यास हा दाखला द्यावा.

मुलांच्या बाबतीतील एक दाखला परदेशचा आहे. अमेरिकेतील ओहायो राज्य विद्यापीठाने १९९९ पासून 'मेगाकॉन्फरन्स' नावाची सभा भरविण्यास आरंभ केला. तीत अनेक देशांतील संस्था एकाच वेळी दूरदृश्य प्रणालीने एकत्र येत. काही वर्षांनी तिचीच शाळकरी आवृत्ती निघाली. तीत निरनिराळ्या देशांची मुले आपापले कार्यक्रम सादर करीत, आणि कार्यक्रमाचे संचालनही पुष्कळसे मुलांकडेच असे. तज्ज्ञ बोलणार व मुले ऐकणार ही रचना मोडून मुले बोलणार व मुलेच ऐकणार अशी रचना तेथे केली गेली. या साधनाचा याहून उचित उपयोग मला दुसरा दिसत नाही.

आपल्या भागात याचे रूप काय असावे? चंद्रपूर जिल्ह्यात १५ तालुके, गडचिरोलीत १२. गडचिरोली तर सुमारे ७० टक्के अरण्य. १९८२ मध्ये हा जिल्हा चंद्रपूरपासून निराळा झाला, २०११ मध्ये गोंडवाना विद्यापीठ स्थापन होऊन दोन्ही जिल्ह्यांच्या उच्च शिक्षणाचे केंद्र गडचिरोलीस आले. ग्रामपंचायतींपर्यंत काचेचा तंतू नेण्याच्या योजनेस केंद्राने २०११ मध्ये मान्यता दिली होती. २०१५ पासून ती 'भारतनेट' नावाने ओळखली जाते. कागदावर पाहिले तर वाट जवळजवळ जोडली गेली आहे. प्रत्यक्षात शाळा पंचायतीच्या कार्यालयापासून दोन-तीन किलोमीटर आत असते. रस्त्याचे काम निघाले की तंतू तुटतो. वादळात झाड पडले की वीज जाते व विजेबरोबर मनोराही निजतो. पर्लकोटेच्या पुराने भामरागडचा मार्ग कित्येकदा बंद पडलेला आहे, आणि नेमक्या त्याच दिवसांत संपर्काची गरज सर्वांत अधिक असते. ही वस्तुस्थिती डोळ्यांआड करून योजना आखू नये.

याहून सूक्ष्म अशी एक अडचण आहे, तिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. मोबाइलच्या जोडणीत येणारी वाट रुंद व जाणारी वाट अरुंद असते. बहुसंख्य लोक चित्रपट पाहतात, पाठवीत नाहीत, म्हणून तशी योजना असते. परिणाम असा होतो की पलीकडचे व्याख्याते आपल्या पडद्यावर स्वच्छ दिसतात व आपण समाधान पावतो. तिकडे मात्र आपली मुले गोठलेली, आवाज तुटका. ऐकणाऱ्यास राजमार्ग आणि बोलणाऱ्यास पायवाट असा हा न्याय आहे. यास्तव शाळेसाठी जोडणीची मागणी करताना केवळ वेग किती असे विचारू नये; जाणाऱ्या वाटेचा वेग किती, हे आकड्यात लिहून मागावे. सत्रापूर्वी तोही तपासून पाहावा. वाट फारच अरुंद भरली तर आपले चित्र बंद करावे, आवाज कधीही बंद करू नये. चित्रावाचून संवाद चालतो. आवाजावाचून चित्र म्हणजे मूकनाट्य.

भाषेचा प्रश्न तर यंत्राच्या कक्षेबाहेरचाच. भामरागड-एटापल्लीकडील मूल घरी माडिया बोलते, धानोरा-कुरखेड्याकडे गोंडी, सिरोंच्याकडे तेलुगू. मुलचेरा-चामोर्शीच्या काही गावांत बंगाली. जिवती-कोरपन्याच्या डोंगरात कोलामी आहे. अशा वर्गापुढे पुण्याहून शुद्ध पुस्तकी मराठीत पाठ आला तर पहिलीतील मुलास तो चित्रांची मालिका म्हणूनच दिसणार. परंतु हेच साधन उलट फिरविले तर काय होईल, याचा विचार करावा. कोलामी बोलणारी मुले जिवतीत आहेत, तशीच यवतमाळ जिल्ह्यातही आहेत. त्यांच्या शाळा एकमेकींस कधी भेटत नाहीत. त्यांना अर्धा तास एकत्र बसवून एकच गोष्ट आपापल्या घरच्या बोलीत सांगू द्यावी. माडिया जाणणारा शिक्षक प्रत्येक शाळेस मिळत नाही. एका शाळेतील असा शिक्षक आठवड्यातून दोनदा चार शाळांतील पहिलीच्या वर्गांशी बोलू शकेल. यास मुंबईचा तज्ज्ञ लागत नाही. जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेने मध्यस्थी केली तर पुरे.

शाळाभेटीत पाहिलेला एक प्रसंग येथे नमूद करतो. नागपूरकडील एक प्राध्यापक चौथीच्या मुलांस झाडांविषयी पडद्यावरून माहिती देत होते. पाऊण तासाचे भाषण त्यांनी चांगले तयार केले होते. दहाव्या मिनिटास मागच्या ओळीतील एका मुलीने आपल्या बाईंच्या कानात काही सांगितले. बाईंनी तिला पुढे आणून ध्वनिग्राहकापाशी उभे केले. तिने विचारले, "तुमच्याकडे मोह रात्री पडतो की पहाटे?" प्राध्यापकांनी प्रामाणिकपणे सांगितले की आपण फुले पडताना पाहिलेली नाहीत, तूच सांग. मग ती सांगू लागली, इतर मुले तिला दुरुस्त करू लागली, आणि झाडाखालचा पाचोळा आधी का साफ करतात, फुले किती दिवस वाळवतात, अस्वल केव्हा येते, येथपर्यंत गोष्ट गेली. उरलेले भाषण राहूनच गेले. त्या बाईंनी मुलीला कानातल्या कानात उत्तर देऊन खाली बसविले असते तर चारशे किलोमीटर जाण्यायेण्याची ती वाट रिकामीच राहिली असती.

म्हणून वर्गाच्या मांडणीविषयी थोडे सांगतो. मुले रांगांत न बसविता अर्धवर्तुळात बसवावीत. कॅमेरा मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर, म्हणजे बसक्या चौरंगावर ठेवावा. टेबलावर ठेवलेला कॅमेरा मुलांची फक्त डोकी दाखवितो. पैसे थोडे असतील तर मोठ्या पडद्याऐवजी चांगला ध्वनिग्राहक घ्यावा व तो हातातून हाती फिरू द्यावा. पत्र्याच्या छपराखाली आवाज घुमतो. दोन सतरंज्या व भिंतीला एक जाड चादर एवढ्याने तो बराच बसतो. फळ्यावरचे अक्षर विंतभर असावे. प्रश्न विचारल्यावर मनात तीन आकडे मोजावेत व मगच पुढे बोलावे. ही सूचना पलीकडच्या पाहुण्यांस आधीच कळवावी. लहान मुलांचे सत्र अर्ध्या तासाहून लांबवू नये. तासात अर्धा वेळ आपल्या मुलांचा, हा करार पाहुण्यांशी सत्रापूर्वीच करावा. विद्वान मंडळींस तो मान्य असतो, कोणीतरी सांगावा मात्र लागतो. सत्राचे चित्रमुद्रण करावयाचे असल्यास पालकांना विचारावे आणि मुलांची नावे पडद्यावर लिहू नयेत.

सत्रानंतर नोंदवहीत उपस्थितीचा आकडा लिहिण्याची आपली रीत आहे. तो लिहावाच, त्याखाली किती मुले बोलली तो आकडाही लिहावा, आणि वेळेअभावी राहिलेले प्रश्न मुलांच्याच शब्दांत उतरवून पाहुण्यांस पाठवावेत. पुढचे सत्र त्या प्रश्नांपासून सुरू होते.

वर्षाचे नियोजन करताना पावसाळ्याचे महिने सोडून द्यावेत. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. मार्चअखेरपासून मोहाचा हंगाम लागतो व मुले अंधार असतानाच घरच्या माणसांबरोबर रानात जातात. त्या दिवसांत शाळा सकाळची असते. तेव्हा सत्र पहिल्या तासाला न ठेवता शेवटच्या तासाला ठेवावे, म्हणजे टोपल्या घरी ठेवून मुले वेळेवर येऊन बसतात.